कार्डातली अमानत

घरात नवा कॅमेरा आला की फोटो कसा काढायचा, व्हिडिओ कसा घ्यायचा हे सगळे जण दोन दिवसांत शिकतात. घेतलेले चित्रण सांभाळायचे कसे, याचा विचार मात्र बहुतेक घरांत काही हरवल्यानंतरच सुरू होतो. कुणाच्या निकाहची कॅसेट माळ्यावर बुरशी धरून पडलेली असते, कुणाच्या नानाचे शेवटचे फोटो चोरीला गेलेल्या मोबाईलबरोबर गेलेले असतात. आपल्या घरांतून अशी हळहळ पुष्कळ ऐकू येते. प्रवासात तर ही जोखीम आणखी वाढते, कारण सगळे काही नखाएवढ्या एका कार्डात असते आणि ते कार्ड एका बॅगेत असते.

आम्ही दोघी बहिणी सोलापूरच्या. थोरली शाळेत शिकवते, धाकटी औषधांच्या दुकानात काम करते. मागच्या दिवाळीच्या सुटीत अब्बा, अम्मी आणि आम्ही दोघी मिळून दादीला तिच्या माहेरी, बीदरला घेऊन गेलो. दादीचे वय ऐंशीच्या पुढे. तिच्या लहानपणी बीदर हैदराबाद राज्यात होते. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले आणि दादी लग्न होऊन महाराष्ट्रात आली. तिची एकुलती एक बहीण, जिला आम्ही छोटी दादी म्हणतो, अजून बीदरलाच होती. दोघींची भेट होऊन नऊ वर्षे झाली होती. दोघी एकत्र बसून बोलतील, तेव्हा ते सगळे टिपून ठेवायचे, या एका हेतूने आम्ही कॅमेरा बरोबर घेतला.

लॅपटॉप का नेला नाही

घरात लॅपटॉप एकच आणि तो पुण्यात शिकणाऱ्या धाकट्या भावाकडे. त्याची परीक्षा तोंडावर होती. शिवाय सामान काय कमी होते? दादीची चाकाची खुर्ची, तिची औषधे, गरम पाण्याची पिशवी, बहिणीसाठी नेलेली सोलापुरी चादर आणि शेंगाचटणीचे डबे. अब्बांनी सांगून टाकले, "एक बॅग जास्त झाली तर ती मी उचलणार नाही." तेव्हा लॅपटॉपशिवाय चित्रण सुरक्षित कसे ठेवायचे, हा प्रश्न निघण्याच्या महिनाभर आधीच आमच्यापुढे उभा राहिला.

छायाचित्रकारांमध्ये ३-२-१ असा एक नियम सांगितला जातो. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. ऐकायला हे मोठ्या स्टुडिओचे काम वाटते. पण नीट पाहिले तर आपल्या घरात वर्षांपासून हेच चालत आले आहे. महत्त्वाच्या कागदाची एक झेरॉक्स कपाटात असते, एक मामूंच्या घरी असते. तोच शहाणपणा कार्डाला लावायचा होता, एवढेच.

एक तास म्हणजे किती?

आधी हिशोब केला. आमच्या कॅमेऱ्यात फुल एचडी चित्रण ५० मेगाबिटच्या दर्जाने होते. म्हणजे एका सेकंदाला सव्वासहा एमबी आणि एका तासाला साडेबावीस जीबी. ६४ जीबीच्या कार्डात जेमतेम पावणेतीन तास मावतात. फोर-के घेतले तर आमच्या कॅमेऱ्यात तो आकडा दुप्पट होतो, तासाला ४५ जीबी. दादी बसून बोलणार, तिथे फोर-के कशाला? आम्ही फुल एचडीवरच थांबलो आणि त्याऐवजी आवाजाकडे लक्ष दिले. कॉलरला लावायचा छोटा माईक घेतला. म्हाताऱ्या माणसाचे चित्र थोडे कमी स्पष्ट असले तरी चालते. शब्द कळला नाही तर मात्र काहीच उरत नाही.

रोज सरासरी अर्धा तास चित्रण धरले, म्हणजे दिवसाला ११ जीबी आणि नऊ दिवसांचे शंभर जीबी. त्यासाठी ६४ जीबीची चार कार्डे घेतली. गरजेपेक्षा जास्त घेण्याचे कारण असे की, घरी परत येईपर्यंत एकही कार्ड पुसायचे नाही असे आम्ही ठरवले होते. कार्ड पुसलेच नाही तर ती आपोआप पहिली प्रत होते. मोठे एकच कार्ड स्वस्त पडते, पण ते बिघडले तर सगळा प्रवास एकदमच जातो. चार कार्डांत तेवढेच चित्रण विभागले जाते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीसाठी दोन छोट्या एसएसडी घेतल्या. एसएसडी म्हणजे आत फिरणारी चकती नसलेली डिस्क. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते, त्यामुळे ती धक्क्याला नाजूक असते आणि तिला वीजही जास्त लागते. पुष्कळ मोबाईल तेवढी वीज देऊ शकत नाहीत. डिस्क टिकटिक करत राहते आणि सुरूच होत नाही. एसएसडी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एसटीत हादरे बसले तरी तिला काही होत नाही.

याशिवाय एक कार्ड रीडर आणि एक हब. हब म्हणजे एका तोंडाने मोबाईलला जोडायचा आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार खाचा असलेला छोटा डबा. त्यातल्या एका खाचेत चार्जर लावता येतो की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. नाहीतर कार्ड आणि डिस्क दोन्ही मोबाईलचीच बॅटरी ओढतात आणि काम अर्ध्यावर बंद पडते. आमचा फोन टाईप-सी खाचेचा साधा अँड्रॉइड आहे. आयफोनवालेही हे काम करू शकतात. २०१९ साली आलेल्या आयओएस १३ पासून त्याच्या फाईल्स अ‍ॅपमध्ये बाहेरची डिस्क दिसते. २०२३ मधल्या आयफोन १५ पासून खाचही टाईप-सी झाली आहे. त्याआधीच्या फोनला वेगळा जोड लागतो.

निघण्याआधी घरीच एकदा सगळे जोडून पाहिले. हे फार गरजेचे आहे. डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे, यावर सगळे अवलंबून असते. काही डिस्क अशा फॉरमॅटमध्ये येतात की मोबाईल त्या वाचतो, पण त्यांवर लिहीत नाही. जुन्या एफएटी-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही, आणि दादीची एक गोष्ट सुरू झाली की तिची फाईल ४ जीबीच्या पुढे जायला वेळ लागत नाही. आमच्या फोनला एक्सफॅट चालत होते, म्हणून दोन्ही डिस्क त्यात करून घेतल्या.

रात्रीची वीस-पंचवीस मिनिटे

सोलापूरहून आम्ही आधी गुलबर्ग्याला उतरलो. किल्ल्यातली जामा मशीद दादीला पुन्हा पाहायची होती. १३६७ साली बांधलेली ही मशीद वरून पूर्ण छताखाली आहे, तिला मोकळे अंगण नाही. आत कमानींच्या रांगांतून दादीची खुर्ची ढकलत नेताना तिचा आवाज कसा घुमत होता, ते पहिल्या दिवसाच्या चित्रणात आले आहे. त्या रात्रीपासून आमचा नेम सुरू झाला.

इशाची नमाज आणि जेवण झाले की धाकटी हब काढायची. कार्डाच्या कडेची छोटी पट्टी खाली सरकवून कार्ड लॉक करायचे, म्हणजे चुकून काही पुसले जाणार नाही. मग एका खाचेत कार्ड, एकीत एसएसडी, एकीत चार्जर. फाईल मॅनेजर उघडले की दोन्ही दिसतात. डिस्कवर तारीख, गाव आणि कार्डाचा नंबर असलेले फोल्डर करायचे. कार्डातले फक्त व्हिडिओ वेचून घ्यायचे नाहीत, सगळे फोल्डर जसेच्या तसे उचलायचे, कारण काही कॅमेरे एका चित्रणाची माहिती दोन-तीन फोल्डरांत विभागून ठेवतात. आणि नेहमी 'कॉपी' म्हणायचे, 'मूव्ह' किंवा 'कट' कधीच नाही. मूव्ह करताना मध्येच वायर हलली तर फाईल धड इकडे राहत नाही की धड तिकडे पोहोचत नाही.

साध्या फोनच्या खाचेचा वेग कमी असतो. ११ जीबीला एका डिस्कवर दहा-बारा मिनिटे लागत, दोन डिस्कना मिळून वीस-पंचवीस. तेवढा वेळ फोनला हात लावायचा नाही, स्क्रीन बंद होऊ द्यायची नाही. कॉपी संपली की थोरली तपासणी करायची. कार्डात किती फाईल आणि एकूण किती जीबी, डिस्कवर किती फाईल आणि किती जीबी, हे वहीत लिहून जुळवायचे. मग पहिली, शेवटची आणि सर्वांत मोठी फाईल डिस्कवरून उघडून तिचा शेवटचा भाग पाहायचा. अर्धवट आलेली फाईल सुरुवातीला नीट चालते, शेवटी अडकते. म्हणून शेवट पाहायचा.

हे झाले की वाटणी. एक एसएसडी अम्मीच्या पर्समध्ये, दुसरी अब्बांच्या बॅगेत. भरलेली कार्डे प्लास्टिकच्या छोट्या पेटीत उलटी ठेवायची, म्हणजे वापरलेले कुठले आणि कोरे कुठले ते अंधारातही कळते. ती पेटी दादीच्या बटव्यात. रेल्वेत, एसटीत तीन वस्तू तीन माणसांजवळ. एखादी बॅग गेली असती तरी चित्रण गेले नसते.

अम्मीची अट

निघताना अम्मीने एक अट घातली होती: हे चित्रण घराबाहेर जाता कामा नये. दादी आणि छोटी दादी घरात बसतील, डोक्यावर ओढणी कधी असेल, कधी घसरेल. घरातल्या सुना-मुली मध्ये येतील-जातील. ते सगळे घरच्यांसाठी आहे, बाजारासाठी नाही.

या अटीमुळे दोन सोपे रस्ते बंद झाले. पहिला रस्ता, कुठल्याही गावात फोटो स्टुडिओत किंवा सायबर कॅफेत कार्ड देऊन पेन ड्राइव्ह भरून घेणे. काम पाच मिनिटांचे, पण आपल्या कार्डाची एक नक्कल त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहिली की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. शिवाय अशा ठिकाणी कॉम्प्युटरमधला व्हायरस कार्डात यायची भीती असते ती वेगळीच.

दुसरा रस्ता इंटरनेटचा. गूगल फोटोजवरची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता गूगलच्या सगळ्या सेवांना मिळून १५ जीबी मोफत मिळतात. आमच्या दीड दिवसाच्या चित्रणातच ते संपले असते. आणि मुक्कामी असलेल्या ठिकाणचे वाय-फाय ५ मेगाबिटच्या वेगाने वर पाठवत असेल, तर ११ जीबी चढायला पाच तास लागतात. दिवसाला दोन जीबीच्या मोबाईल पॅकवर तर हा विचारच नको. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो; तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. पण तो एकदा कुटुंबाच्या ग्रुपवर गेला की पुढे कुठे जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

म्हणून सगळे काम आपल्या हातांनी, आपल्या खोलीत. डिस्कला पासवर्डही लावता येतो. तो लावायचा असेल तर मोबाईलवर उघडतो ना, हे आधी पाहावे आणि पासवर्ड घरातल्या दोन माणसांना ठाऊक असावा. नाहीतर कुलूप आपल्यालाच बाहेर ठेवते.

बीदरला पोहोचल्यावर छोट्या दादीची परवानगी घेतली. कॅमेरा समोर ठेवून आधी सगळे समजावून सांगितले. ती हसून म्हणाली, "मेरेकू डब्बे में भरको लेको जारें क्या?" मग गंभीर होऊन विचारले, हे कोण कोण बघणार? आम्ही म्हणालो, आपली मुले, नातवंडे, बाहेरचे कोणी नाही. तिने ओढणी नीट केली आणि म्हणाली, "हौ, चालू करो." या एका शब्दाने आमच्यावर जबाबदारी आली. तिने दिलेली ती अमानत होती. ती सांभाळायची आणि झाकायचीही.

बीदरची दुपार

दोघी बहिणी चार दिवस बोलत होत्या. त्यांचे वडील बिदरी काम करायचे. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाचे भांडे ओतायचे, त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या रेषेत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती व नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडे बुडवायचे. धातू काळाभोर होतो, चांदी पांढरीच राहते. हे सगळे पुस्तकात वाचायला मिळते. पण "अब्बा माती जिभेवर ठेवून बघायचे आणि चव बरोबर नसेल तर थुंकून दुसरीकडची माती खणायचे, मग अम्मा रागवायची," असे दोघींनी एकमेकींच्या तोंडचे शब्द ओढून घेत सांगितले, ते कुठल्या पुस्तकात मिळणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी दादीला तिच्या जन्मघरी नेले. घर आता दुसऱ्यांचे आहे, पण त्या लोकांनी मोठ्या अगत्याने आत बोलावले. मागच्या अंगणातली विहीर अजून होती. दादी खुर्चीतून उठली, विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि आत वाकून काहीतरी पुटपुटली. चाळीस मिनिटांचे चित्रण झाले. दुपारी एकच्या सुमारास कॅमेरा पुन्हा सुरू केला, तर पडद्यावर अक्षरे आली की कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचे का?

आम्ही 'नाही' दाबले आणि कॅमेरा बंद केला. अशा वेळी त्या कार्डावर पुढे काहीही लिहू द्यायचे नाही, हे वाचलेले होते. कार्डावरची यादी बिघडली तरी आतली माहिती बहुधा जागेवरच असते. तिच्यावर नवे काही लिहिले गेले तरच ती जाते. कार्ड काढले, कागदात गुंडाळले, वर तारीख आणि 'बिघडलेले' असे लिहिले आणि बटव्यात वेगळे ठेवले. त्याच कार्डातले आदल्या दिवशीचे सगळे चित्रण दोन्ही डिस्कवर होते. प्रश्न फक्त त्या सकाळचा होता.

सोलापूरला आल्यावर आतेभावाने कॉम्प्युटरवर फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने त्या कार्डातून फाईल बाहेर काढल्या. अशा रीतीने आलेल्या फाईलना मूळ नावे नसतात, नुसते आकडे असतात. एकेक उघडून ओळखावी लागते. बहुतेक मिळाल्या. दोन उघडल्याच नाहीत, आणि त्यांतलीच एक विहिरीची होती.

आम्हा दोघींना फार वाईट वाटले. दादीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बावडी मेरे आँखां में है. तुमारे डब्बे में नै तो क्या हुआ?" ती विहिरीत वाकून काय म्हणाली होती, असे आम्ही विचारले. तिने सांगितले नाही.

त्या दुपारपासून नेम बदलला. जोहरच्या वेळी एकदा आणि रात्री एकदा, अशी दोन वेळा कॉपी. आणि ज्या दिवशी काही पुन्हा न मिळणारे टिपायचे असेल, त्या दिवशी जागेवरून उठण्याआधीच एक प्रत. ज्यांच्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे, त्यांनी दोन्ही कार्डांवर एकाच वेळी चित्रण होईल असे ठरवून ठेवावे. कार्डाच्या बिघाडाची काळजी तिथेच बरीच कमी होते.

तिसरी प्रत

बीदरला महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ सालचा. निळ्या-हिरव्या फरशांचे नक्षीकाम असलेला एक मनोरा आणि भिंतींचा काही भाग अजून उभा आहे. इथल्या ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखिते होती असे सांगतात. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. अब्बा निवृत्त शिक्षक. त्यांना अशा ठिकाणी बोलल्यावाचून राहवत नाही. त्या पडक्या बाजूकडे बघत ते म्हणाले, "ज्या किताबीची नक्कल कुणा कातिबाने करून दुसऱ्या गावी नेली असेल, ती वाचली असेल. जी इथेच एकटी राहिली, तिचे काय झाले ते कोणाला विचारणार?"

त्या संध्याकाळी आमच्या लक्षात आले की आमच्या तिन्ही प्रती एकाच गाडीने, एकाच रस्त्याने हैदराबादला जाणार होत्या. दुसऱ्या ठिकाणी एक प्रत हवी, हा नियमाचा भाग राहिलाच होता. आणि दुसरी गोष्ट अशी की, या चित्रणात निम्मा आवाज छोट्या दादीचा होता. ते तिच्या मुलांचेही होते.

बाजारातून १२८ जीबीची पेन ड्राइव्ह आणली. हबला एसएसडी आणि पेन ड्राइव्ह जोडून बीदरच्या दिवसांचे सगळे चित्रण तिच्यात उतरवले. पेन ड्राइव्ह एसएसडीपेक्षा बरीच संथ असते, तासाभराहून जास्त वेळ लागला. मग ती फुफीच्या, म्हणजे छोट्या दादीच्या मुलीच्या, टीव्हीला लावून पाहिली. हेही करून बघावे, कारण मोबाईलवर चालणारी ड्राइव्ह प्रत्येक टीव्ही वाचेलच असे नाही. फुफीच्या टीव्हीवर ती चालली. दोन्ही म्हाताऱ्या पलंगावर बसून स्वतःलाच बोलताना बघत होत्या आणि टीव्हीतल्या दादीची चूक पलंगावरची छोटी दादी दुरुस्त करत होती. फुफीने ड्राइव्ह लोखंडी कपाटात, घराच्या कागदांजवळ ठेवली. अम्मीची अट तिलाही सांगितली. ती म्हणाली, "माझ्या आईचे तोंड मी बाजारात मांडेन काय?"

परत आल्यावर

हैदराबादेत दोन दिवस राहून आम्ही घरी आलो. भावाची परीक्षा संपल्यावर लॅपटॉप आला, सगळे त्याच्यावर उतरवले, फाईलना नावे दिली: 'बीदर, दिवस २, माती आणि नवसागर', 'बीदर, दिवस ३, निकाहच्या आठवणी'. नाव नसलेली फाईल दोन वर्षांनी कोणी उघडत नाही. हे झाल्यावरच कार्डे पुसली. बिघडलेले कार्ड पुन्हा वापरायचे नाही म्हणून बाजूला ठेवले. एक एसएसडी घरात आणि दुसरी आत्याकडे आहे. दर ईदच्या साफसफाईत दोन्ही जोडून, काही फाईल उघडून पाहायच्या, असे ठरवले आहे. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या एसएसडीतली माहिती हळूहळू जाऊ शकते. तिला अधूनमधून जोडणे चांगले.

नंतरच्या रमजानमध्ये छोटी दादी अल्लाहला प्यारी झाली. दादीला प्रवास झेपण्यासारखा नव्हता, त्यामुळे मातीला जाता आले नाही. चार-पाच दिवसांनी फुफीचा फोन आला. तिची धाकटी नात अडीच वर्षांची. सारखी "बडी नानी कुठे आहे" असे विचारत होती, म्हणून त्यांनी रात्री दार लावून टीव्हीवर ती ड्राइव्ह लावली होती. सगळे घर गोळा झाले. माती जिभेवर ठेवण्याची गोष्ट आली तेव्हा रडता रडता सगळे हसले, असे फुफी सांगत होती. दादीने फोन कानाला लावून सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मेरी आवाज भी आरई थी ना उसमें?"

तर वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, येत्या सुटीत नानीकडे, दादीकडे, गावाकडच्या मामूंकडे जाणार असाल आणि कॅमेरा किंवा मोबाईल काढणार असाल, तर आधी त्यांची परवानगी घ्या. एक कार्ड रीडर, एक हब आणि शक्य तर दोन छोट्या डिस्क बरोबर ठेवा. दोन परवडत नसतील तर एक डिस्क आणि एक चांगली पेन ड्राइव्हही चालेल. लॅपटॉपची वाट पाहू नका. दुपारी एकदा, रात्री एकदा प्रत करा, ती उघडून पाहा आणि वेगवेगळ्या माणसांजवळ ठेवा. आणि ज्यांचा आवाज घेतला, निघण्याआधी त्यांच्या घरी त्यांची प्रत ठेवून या. अल्लाह आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची सावली आपल्यावर कायम ठेवो. आमीन.